फरशीखालचा झरा

वहिनींच्या गॅरेजमध्ये भर उन्हाळ्यातसुद्धा पाणी साचायचं. नवरा गेल्यावर गाड्या दुरुस्तीचं त्याचं काम त्यांनी एकटीने पुढे चालवलं, कुठल्याच इंजिनापुढे हार मानली नाही. पण या पाण्यापुढे मात्र हात टेकले. वरच्या मजल्यावर राहणारे त्यांचे दीर दर वेळी तेच म्हणायचे, "वहिनी, शेजाऱ्यांची टाकी गळतेय. कुठेतरी पाणी मुरतंय बघा!"

"मुरतंय कुठे, भावजी? वर येतंय!"

शेवटी फरशी फोडून नवं काँक्रीट करायचं ठरलं. गवंड्याने जुना थर उखडला, खालची माती उकरली आणि एकदम कुदळ टाकून मागे सरला. "बाई, जरा इकडे या."

खड्ड्याच्या तळाशी वाळू नाचत होती. मधोमध बोटभर जाडीचं पाणी उसळत होतं, काचेसारखं नितळ. वहिनींनी हात घातला आणि झटकन मागे घेतला. इतकं गार! एवढी वर्षं ऑइल आणि ग्रीसच्या खाली हे असं स्वच्छ वाहत होतं. भावजी जिना उतरून आले, वाकून पाहिलं आणि शेजाऱ्यांची टाकी साफ विसरले.

"सिमेंट ठासून तोंड बंद करू का?" गवंड्याने हळूच विचारलं.

"इथे कोंडलं तर उद्या भिंतीखालून निघेल," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि बुजवायला हात धजत नाही हो."

मग त्याला वाट करून दिली. झऱ्याभोवती खडी भरली, भोकांचा पाइप उतार देऊन भिंतीखालून मागच्या अंगणात काढला. तिकडे धार लागली तसा इकडचा खड्डा आटला. त्यावर प्लास्टिकचा कागद आणि सळ्यांची जाळी अंथरली. गाडी धुतलेलं पाणी जायला मध्ये चर ठेवली आणि सगळ्या जमिनीचा उतार तिच्याकडे दिला.

काँक्रीटची गाडी घरघरत आली. करडा, जड लगदा पन्हाळीतून घसरत कोपऱ्याकोपऱ्यात पसरला. वहिनींनी स्वतः फळी धरून तो ओढला. सकाळी ज्यात बूट रुतत होते, त्याच्यावर संध्याकाळी बोट दाबलं तर ठसासुद्धा उमटेना.

काही दिवस ओली पोती घालून काँक्रीट पक्कं होऊ दिलं. मग वहिनींनी बादलीभर पाणी ओतलं. ते क्षणभर थबकलं आणि सगळीकडून चरीकडे निघालं.

"एवढं शहाण्यासारखं आपल्या घरात कुणी वागत नाही!" भावजी म्हणाले.

पुढच्या रविवारी गवंडी बायकोला घेऊन आला. मागच्या अंगणात तिला धारेखाली ओंजळ धरायला लावली, मग गॅरेजच्या कोरड्या फरशीवर उभं केलं.

"हे पाणी आत्ता आपल्या पायाखालून चाललंय," तो म्हणाला.

तिने चटकन चपला काढल्या.