झपाझप चालणारा हात

क्विक माणसाला लावायचं, क्विकली त्याच्या कामाला. विशेषण आणि क्रियाविशेषण अख्ख्या नववीत न चुकता मी एकटीच वापरायची. इंग्रजीचे सर म्हणायचे, "कस्तुरा, तू साहेबालाही शिकवशील!"

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं शाळेला कुलूप लागलं, त्याच आठवड्यात बाचा उजवा हात मशीनखाली सापडला. तीन बोटं गेली. बा हर्सूलहून सायकलीनं चिकलठाण्याच्या कारखान्यात जायचा. मेंढ्या आम्ही कधीच विकल्या होत्या. साहेबानं सांगितलं, काय घडलं ते लिहून आणा, मग गेटवर राखणीला तरी ठेवायचं का बघू.

"वकिलाकडून लिहून घ्या," माय म्हणाली.

"वकील कशाला? मी हाये ना! इंग्रजीतच लिहिते. साहेब खुर्चीतून उठंल बघ!"

बा हसला. पट्टीचा हात मांडीवर घेऊन म्हणाला, "लिही बायजे. पर बाची इज्जत ऱ्हाऊ दे."

आमच्यात लोकर कातरायला बसलं की ज्याचा हात झपाझप चालतो, त्याला पहिला मान. बा बसला की म्हातारे आपली कातर थांबवून बघत बसायचे. म्हणून मी लिहिलं : माझे वडील फार क्विक कामगार आहेत. त्या दिवशीही ते व्हेरी क्विकली काम करत होते. मराठीत सांगितलं तसे बाचे डोळे भरून आले. "लई झ्याक लिवलं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासंगं गेले. साहेबानं कागद वाचला आणि एका वाक्याखाली रेघ ओढली.

"घाई करत होतात, तुमच्याच घरचं लिहिलंय. मग मशीनचा काय दोष? असा माणूस गेटवर तरी कसा ठेवू?"

"घाई नाय साहेब, हातच तसा हाये. मेंढरू कातरताना..."

"इथं मेंढरं नाहीत, मामा."

मी मराठीत सांगायला लागले, हिंदीत लागले. तो कागदाकडं बोट दाखवत राहिला.

येताना सायकल मी ढकलत होते. मी रडते आहे हे बाला कळलं असावं. "रडू नको. खरंच तर लिवलं तू," एवढंच तो बोलला. त्यापेक्षा त्यानं मारलं असतं तर बरं.

शाळा उघडली तशी मी कच्चा कागद सरांपुढं ठेवला. त्यांनी लाल पेनचं टोपण काढून दोनदा वाचला.

"चूक एकही नाही," ते हळूच म्हणाले आणि टोपण लावलं.

मी टेबलापाशीच उभी राहिले. एखादी तरी निघंल म्हणून.