अडवलेलं पान

“वाचणारे वाढले आणि पैसे आटले, हे कसं काय?” सिस्टरने विचारलं.

धाकट्या दिराने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. शेजारच्या पलंगावर त्याचा मोठा भाऊ, म्हणजे सिस्टरचा नवरा, डोळे मिटून पडला होता. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही नेली होती. दिवसभर त्याच्यापाशी थांबणाऱ्या बाई त्याचे पाय पुसत होत्या. कान मात्र इकडेच होते.

“वहिनी, लोक ॲड ब्लॉकर टाकतात. पान दिसतं, जाहिरात दिसत नाही. आणि ती दिसली नाही की आपल्याला दमडी मिळत नाही.”

“म्हणजे पोटभर जेवायचं आणि मागच्या दाराने पसार व्हायचं!”

“आपण मागच्या दाराने जातोय, हे त्यांच्या गावीही नसतं.”

हॉस्पिटल सोडलं तरी गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिने नोकरी सोडली आणि त्याच्या उशाशी बसून लिहायला घेतलं. घास भरवताना मान कशी धरावी, झोपल्या जागी केस कसे धुवावेत, चिडलेल्या म्हाताऱ्याशी कसं बोलावं. शेजारणीला समजावून सांगावं तसं लिहिलेलं, म्हणून लोक वाचत. दिराने वेबसाइट बांधून दिली, जाहिराती आणल्या, आणि त्यांच्यावर बाईंचा पगार निघू लागला. बाई होत्या म्हणून सिस्टरला बाजारात जाता येई, डोळा लागला तर लागू देता येई. आता तो पगार अर्धाच हातावर ठेवायची वेळ आली होती, आणि तो घेताना बाई खाली बघत, देताना सिस्टर.

“भिंत घालू,” दीर म्हणाला. “ब्लॉकर बंद करा, मगच वाचा.”

“आजारी माणसाच्या घरच्यांना दारात अडवायचं?”

“मग दादाला एकटीने सांभाळा. किती दिवस सांभाळाल?”

भिंत उभी राहिली. सूचना मात्र तिने स्वतः लिहिली, ‘कृपया’ घालून. काही लोक उंबऱ्यावरूनच परतले, पण बरेच आत आले. त्या महिन्यात बाईंच्या हातावर पूर्ण पगार पडला. सिस्टरला वाटलं, सुटलो.

एका दुपारी फोन आला. पलीकडे एक मुलगी, आवाज थकलेला.

“सिस्टर का? तुमचं पान उघडत नाहीये. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे मी. इथे तो ब्लॉकर मला बंद करता येत नाही.”

“मग घरी जाऊन बंद करा ना,” सिस्टर जरा तडकूनच म्हणाली. “त्या जाहिरातींवर माझं घर चालतं हो.”

“घरी केला होता. तेव्हाच ते मलम दिसलं. ‘अंथरुणातली जखम चार दिवसांत बंद.’ आईच्या कंबरेला लावलं. आता जखम काळी पडलीये, वास येतोय. पुढे काय करायचं ते वाचायला आले होते.”

“माझ्या पानावर मलम नाही.”

“आहे. ‘जखमेला मनाने काही लावू नका’ असं तुम्ही लिहिलंय ना, त्याच्या खालीच. तुमच्या पानावर आहे म्हणून तर मागवलं.”

“आईला हॉस्पिटलात न्या. आत्ता. संध्याकाळची वाट बघू नका.”

फोन ठेवून तिने लॅपटॉपवर पाहिलं, तिथे मलम नव्हतं; मग बाईंचा मोबाइल मागितला. पान उघडलं. तिच्या वाक्याखाली हसऱ्या म्हातारीचा फोटो, हातात डबी. जखमेचा फोटो आधीचा, जखमेचा फोटो नंतरचा. खाली अजून एक, वर अजून एक. तिने दिराला फोन लावला.

“हे मला कधीच कसं दिसलं नाही?”

“तुमच्या लॅपटॉपवर मीच ब्लॉकर टाकला होता, वहिनी. तुम्हाला कटकट नको म्हणून.”

“ते मलम काढ.”

“काढतो. पण दुसऱ्या नावाने परत येईल. आजारावरच्या सगळ्याच जाहिराती बंद केल्या तर हातात चणेफुटाणेही उरणार नाहीत.”

“मग सगळंच काढ. भिंतही पाड.”

“आणि बाईंचं काय?”

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “ताई, माझ्यामुळे अडू नका,” त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, “पण मलाही पोट आहे.”

सिस्टरने जुन्या ओळखी काढून त्यांना कामाला दुसरं घर मिळवून दिलं. निघताना बाईंनी सिस्टरच्या नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं. “साहेब, येते हं,” म्हणाल्या. त्याने डोळे उघडले आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत मिटले नाहीत.

फोनवरच्या त्या मुलीला सिस्टरने पुनःपुन्हा फोन केले. तिने उचलले नाहीत. शेवटी मेसेज आला: ‘आई आयसीयूत आहे. तुमचा दोष नाही असं भाऊ म्हणतो. मला अजून तसं म्हणता येत नाही.’

सिस्टरने तो वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. उत्तर पाठवायचं तरी कुठल्या तोंडाने?

सकाळी नवऱ्याला कुशीवर वळवायचं होतं. तिने पलंगावर गुडघा टेकला, चादर मुठीत धरली आणि ओढली. तो अर्धा वळला आणि अडकला. तिची कंबर चरचरली. सोडावं तर तो परत उताणा, ओढावं तर ताकद नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला हातही मोकळा नव्हता.

तेवढ्यात त्याचा डावा हात उठला. चाचपडत त्याने पलंगाचा दांडा पकडला आणि स्वतःला खेचलं. आजवर कुणी त्याच्याकडे हे मागितलंच नव्हतं. तो वळला.

दोघंही धापा टाकत राहिले. त्याच्या तळहातावर दांड्याचा लाल वळ उठला होता. सिस्टरने तो हात हातात घेतला आणि रोज त्याच्या पाठीवर जखम धरतेय का बघते तसा, सवयीने, बोटाने वळ दाबून पाहिला. जागा पांढरी पडली, मग हळूहळू पुन्हा लाल झाली. कातडी शाबूत होती.