कोरडा कोळसा

“बघा, डोळे भरून बघा.” धाकट्याने उपटलेलं मक्याचं रोप थोरलीच्या पायाशी फेकलं. “कावीळ झाल्यासारखं रान पिवळं पडलंय. तुमच्या कोळशानं खाल्लं.”

थोरलीने रोप उचललं नाही. “भिजवला होतात का, भाऊजी?”

“पुन्हा तेच.”

“बांधावरून ओरडून सांगितलं होतं मी. कोरडा कोळसा उपाशी असतो. मातीत गेला की आधी स्वतः जेवतो, पिकाला मागाहून वाढतो. शेणकाल्यात मुरवा, त्याचं पोट भरा, मग टाका म्हटलं.”

“मला वाटलं, द्यायला जिवावर आलंय म्हणून सबबी सांगताय.”

“न विचारता पाट्या भरभरून नेलात. द्यायचं उरलं होतं काय?”

सासू बांधावर बसून दोघांचं ऐकत होती. मोठा मुलगा गेला तेव्हा तिनेच ही मुरमाची पट्टी थोरलीला दिली होती. कुसळालाही जिथे उगवायची लाज वाटावी अशी. “यंदा पिकली तर तुझी. नाही तर धाकटा तिथे गोठा बांधेल,” असं सगळ्यांसमोर म्हणाली होती. मग शेतीखात्याच्या बाईंकडून थोरली एक काम शिकून आली. सामाईक बांधालगत खड्डा खणून त्यात धाटं पेटवायची, राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायची, कोळसा शेणकाल्यात मुरवून मातीत कालवायचा. बाई त्याला बायोचार म्हणत. धाकटा म्हणे, वहिनींनी काजळ पाडायचा कारखाना काढलाय. आता त्या पट्टीत मका खांद्याला लागला होता, वाऱ्याशी हळू आवाजात बोलत होता.

“आई, माझं पीक गेलं,” धाकटा म्हणाला. “हा खड्डा बुजवायचा. आणि पट्टी मला हवी.”

“खड्डा बुजव,” सासू म्हणाली. “पट्टीचं बघू.”

थोरली म्हणाली, “आत्याबाई, खड्डा गेला तर पुढच्या पेरणीला मी काय घालू?”

सासूने धाकट्याकडे फावडं सरकवलं.

खड्ड्यात टाकायला माती काढावी म्हणून धाकट्याने आपल्या बाजूला फावडं मारलं. ते मुरमावर खणकन वाजून उडालं. दुसऱ्यांदाही तेच. तो रागाने बांध ओलांडून थोरलीच्या पट्टीत शिरला. तिथे फावडं आवाज न करता दांड्यापर्यंत रुतलं, लोण्यात सुरी जावी तसं. काळी, भुसभुशीत माती उचलून तो खड्ड्यात टाकू लागला. कडेची मक्याची ताटं एकेक करून आडवी झाली.

एक ताट सासूच्या पुढ्यात पडलं. तिने ते उचललं. पांढऱ्या मुळ्यांनी कोळशाचे कण घट्ट कवटाळले होते, लेकराने आईचा पदर धरावा तसे.

“बास झालं,” ती म्हणाली. “पट्टी तिची.”

“आणि माझं रान?”

“तुझं तू नासवलंस.”

धाकट्याने फावडं तिथेच टाकलं. “सासूसुनांनीच खा मग कोळसा,” म्हणत तो निघून गेला.

खड्डा अर्धाअधिक भरला होता. थोरली त्यात उतरली आणि आपली माती हातांनी ओढून पाटीत भरू लागली. सासू उठली, कमरेला हात देत जवळ आली आणि भरलेली पाटी उचलू लागायला वाकली.

“राहू द्या आत्याबाई,” थोरली म्हणाली. “हात काळे होतील.”

तिने पाटी आधी गुडघ्यावर घेतली आणि मग एकटीनेच डोक्यावर चढवली.