स्टेशनवर घ्यायला

ताई स्टेशनबाहेर निळी छत्री उंच धरून उभी होती, आणि मी पर्यटकांच्या घोळक्यात सगळ्यात मागे, टोपी भुवयांपर्यंत ओढून, काळ्या चष्म्याआड. सख्ख्या बहिणीला भेटायला घर बघायचं तिकीट काढून आलेली माझ्यासारखी मीच.

बाबा गेल्याचं तिने मला उशिरा कळवलं, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं. मी टाकलं म्हणून तिनेही टाकलं. त्याला वर्षं लोटली. आज ती बोलली तर ठीक, नाहीतर परतीची गाडी होतीच.

"चला, जवळच आहे," म्हणून ताई निघाली. ती गावातल्या एका जुन्या, नावाजलेल्या घराची गाइड. बाबा तिथले माळी, आणि आम्ही दोघी तिथल्याच मागच्या दोन खोल्यांत वाढलो.

रस्ता तोच होता. सायकलच्या दुकानाचं औषधाचं दुकान झालं होतं, दाताचा दवाखाना मात्र जागचा हलला नव्हता. प्रत्येक वळणावर वाटे, इथून सटकावं. निम्मा रस्ता मी चष्माच पुसत होते. माझ्या पुढचे एक जाडे गृहस्थ एकसारखे कुरकुरत होते. "घर दाखवायचं तर घरापाशी भेटा ना! स्टेशनपासून ही पायपीट कशाला?" मला त्यांचं अगदी पटत होतं.

पुलाच्या कठड्याशी ताई थांबली. "त्या घरात एक धाकटी मुलगी होती. महाहट्टी. कुणी रागावलं की पळत सुटायची, ती थेट स्टेशनवर."

मी चपापले. घराच्या मालकांना मूलबाळच नव्हतं. धाकटी म्हणजे मी!

"एकदा तिने मालकीणबाईंचे सगळे गुलाब कापून कोंबड्यांना घातले."

लोक खो खो हसले. माझे कान तापले. ही बया रोज माझी लक्तरं वेशीवर टांगत होती, तीही तिकीट लावून!

"मग काय, मार बसला. कुंपणावरून उडी मारून रडत रडत पळाली."

"रडले नव्हते मी!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आणि कुंपणावरून नाही, फाटकाखालून!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. आता लपून काय उपयोग? मी चष्मा काढला. ताईने मात्र मान वळवली नाही. ती नदीकडेच बघत राहिली.

"रडलीच होतीस," ती म्हणाली. "बाबांनी खांद्यावर बसवून आणली तुला. शेंबूड मी पुसला."

गृहस्थांना यातलं काही उमगलं नव्हतं. "ते असू दे हो बाई, पण आम्हाला स्टेशनपासून का चालवता?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे," ताई म्हणाली. "कुणी रुसून गेलं की स्टेशनवर जाऊन घेऊन यायचं. आधी बाबा जायचे. आता मी जाते, रोज."

मला रडू फुटलं. या वेळी नाही म्हणायची सोय नव्हती. पर्यटकांनी शहाण्यासारखं पाणी बघायला सुरुवात केली.

ताई तरातरा माझ्याजवळ आली आणि छत्री माझ्या हातात कोंबली. "धर ही आता. हात भरून आला माझा."