पितरांच्या फळीशेजारचा कॅमेरा

लुआला दूध कमी येतंय, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक लुआ, दुसरी तिची सासू. नवरा कियेन जपानात जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. परमुलखात त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. सासूबाई रोज सकाळी हायफाँग शहरातल्या बाजारातून डुकराचे पाय आणि हिरवी पपई आणून शिजवत आणि वाडगा पुढ्यात आदळून म्हणत, "नाक दाब आणि गीळ. तुझ्या नवऱ्याला मी यावरच वाढवलाय."

त्यामुळे त्या सकाळी, आदल्या दिवशीच्या नैवेद्यातलं केळं सोलत असताना अनोळखी नंबरवरून आलेला फोन ऐकून लुआचा हात थबकला.

"ताई, दोआन क्वी बाखच्या आई ना तुम्ही?" पलीकडची बाई लाडीगोडीत आली होती. "बाळाला अंगावरचं पुरत नाही ना? आमची एक पावडर आहे बघा..."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, लाजता काय! पुष्कळ आयांचं होतं तसं."

लुआने फोन कापला. दूध एकवेळ अंदाजाने म्हणाली असेल, पण नाव? ते नाव घरात कोणी उच्चारत नसे. तीन महिन्यांच्या पोराला गोड नावाने हाक मारली की नको त्यांचे कान टवकारतात, म्हणून घरीदारी तो नुसता 'फाटक्या'. शेजारणीही कौतुक करायच्या आधी 'दृष्ट न लागो' पुटपुटत आणि मग म्हणत, "काय हा फाटक्या, किती काळा!" खरं नाव होतं जन्मदाखल्यावर, आणि दाखला होता कपाटात.

इस्पितळातून फुटलं असेल? पण तिथून निघताना तर दुधाने कपडे भिजत होते. मग कॅमेरा? कियेन बाळंतपणाला दहा दिवस आला होता, तेव्हा जाताना त्याने पोराला तिथून बघता यावं म्हणून तो भिंतीवर बसवला होता. खोलीत उंचावर प्लग एकच, पितरांच्या फळीवरच्या लाल दिव्याचा. त्याच्याच शेजारी, सासऱ्यांच्या तसबिरीजवळ हा ठोकला. "माझ्या नवऱ्याच्या डोक्याशी हे काय भूत आणून बसवलंस!" म्हणून सासूबाई तेव्हा करवादल्या होत्या. पण ॲप घेताना लुआने प्रत्येक ओळ वाचली होती. बाळाचं नाव खोटं, तारीख खोटी, आवाजाचं बटण बंद. तिला माहीत होतं, या कंपन्या बोट दिलं की हात धरतात. ज्याचे कान आपण कापलेत तो ऐकणार कसा? कॅमेऱ्यावरचा संशय तिने तिथेच सोडून दिला.

राहिल्या सासूबाई. खाली बाजारात थोआबाईंच्या पालेभाजीच्या गाड्याशी त्या रोज अर्धा तास उभ्या असतात. थोआबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि थोआबाईंची भाची बाळांच्या वस्तूंच्या दुकानात आहे.

चार भिंतींत दिवसभर दोघीच. यांच्यावर विश्वास टाकता येत नसेल तर मी या घरात मोकळेपणी रडू तरी शकेन का, असं लुआला वाटलं. पण तोंडावर विचारायचं कसं? मग तिने एक फासा टाकला.

दुसऱ्या आठवड्यात दोघी जिन्यात पाटावर बसून पालेभाजी निवडत होत्या. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लुआ हळूच म्हणाली, "आई, फाटक्याचे डोक्यामागचे केस झडायला लागलेत. कुणाला बोलू नका हं." खरं तर पोराचं डोकं काळंभोर होतं. टोपडं मात्र तिने तेव्हापासून काढलं नाही.

सासूबाईंचा चेहरा पडला. "मी कोणाला सांगणार बाई," त्या म्हणाल्या.

पाच दिवसांनी फोन आला. तोच आवाज. "ताई, क्वी बाखचे मागचे केस गळताहेत ना? कॅल्शियम कमी पडतंय हो. थेंब पाठवू का?"

लुआच्या डोक्यात सणक गेली. सासूबाई तांदूळ धुवत होत्या. ती पोराला खांद्याशी धरून तशीच जाऊन उभी राहिली.

"आई, थोआबाईंना काय काय सांगितलंत?"

"कशाचं?"

"केसांचं. दुधाचं. खऱ्या नावाचं."

"अगं, वेड लागलंय का तुला? दिवसभर त्या फोनवर बोटं तू फिरवतेस, आणि चोर मी?"

"केस झडतच नाहीयेत आई!" लुआने टोपडं ओढून काढलं. "मी मुद्दाम खोटं सांगितलं. फक्त तुम्हाला. जिन्यात. आणि आज त्या बाईला ते माहीत आहे!"

सासूबाईंनी टोपातला हात बाहेर काढला. बोटांवरून पांढरं पाणी ठिबकत होतं. नातवाचं डोकं त्यांनी नीट पाहिलं, एकदा मागून हातही फिरवला.

"म्हणजे मी पाच दिवस उगाच रडतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू माझी परीक्षा घेतलीस होय?"

लुआने टोपडं पुन्हा पोराच्या डोक्यावर चढवलं.

"कोणत्याही जिवंत माणसाला मी सांगितलं नाही. लिहून देते."

"जिवंत?"

"तुझ्या सासऱ्यांना सांगितलं. त्यांना नाही सांगायचं तर कोणाला?"

लुआने फळीकडे पाहिलं. काचेमागे अकरा वर्षांपूर्वी गेलेले सासरे, पुढे उदबत्तीची राख, पौर्णिमेची फुलं अजून ताजी. दर प्रतिपदेला आणि पौर्णिमेला सकाळी सासूबाई दिवा लावायच्या. धुराने पोर खोकतं म्हणून लुआ तेवढा वेळ त्याला घेऊन गच्चीत उन्हाला बसायची. आत काय बोलणं होतं ते तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"काय बोलता तुम्ही तेव्हा?"

"रीतीप्रमाणे बोलते. आधी आपलं नाव, मग पूर्ण पत्ता, चौथा मजला, खोली बारा. पितरांना ठिकाण नीट सांगायला लागतं, नाहीतर आशीर्वाद भलत्याच दारी जातो. मग घरातल्यांची नावं, जन्मवेळा. तिथे फाटक्या कसं म्हणणार? तिथे खरंच नाव लागतं. आणि मग काय हवं ते मागायचं. मोठ्याने. त्यांना शेवटी शेवटी ऐकू कमी येत होतं."

पहिला फोन आला ती सकाळ लुआला आठवली, नैवेद्याचं केळं हातात होतं. प्रतिपदेचा दुसरा दिवस. आणि काल पौर्णिमा.

तिने ॲप उघडलं. एका पानातून दुसऱ्या पानात, तिथून तिसऱ्यात, शेवटी तळाशी बारीक अक्षरांत ते सापडलं. आवाज: चालू. महिन्यापूर्वी ॲप आपोआप नवं झालं होतं, 'तुमच्या कुटुंबाच्या अधिक चांगल्या अनुभवासाठी', आणि तिने बंद केलेलं बटण त्यात निमूट चालू केलं गेलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: आवाज आमच्या सहयोगी संस्थांना पुरवला जाऊ शकतो. तिने बटण बंद केलं, तर पडद्यावर चौकट आली. 'खात्री आहे?' खाली दोनच पर्याय: 'चालू ठेवा' आणि 'नंतर विचारा'. नको म्हणायला जागाच नव्हती.

"म्हणजे मी त्यांच्याशी बोलत होते," सासूबाई म्हणाल्या, "आणि हे मेलं मधे बसून ऐकत होतं?"

"हो आई."

"सगळं?"

"सगळं." लुआने विचारलं, "आणखी काय सांगितलं होतंत?"

सासूबाई पुन्हा तांदळाकडे वळल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ते माझं आणि त्यांचं आहे," त्या म्हणाल्या.

लुआ खुर्चीवर चढली आणि तिने वायर उपटून कॅमेरा भिंतीवरून काढला. उतरताना खुर्ची डगमगली, तेव्हा सासूबाईंनी ओल्या हातानेच तिची पोटरी घट्ट धरली.

संध्याकाळी कियेनचा फोन आला. "अगं, फाटक्या दिसत नाही, कॅमेरा बिघडला का?"

"बिघडला नाही, काढलाय. रोज सातला मीच फोन करून दाखवत जाईन. आणि ऐक, मला दूध कमी येतंय." तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस वेडे?"

फोन ठेवते न ठेवते तोच पडद्यावर निरोप उमटला. 'तुमचा कॅमेरा बंद दिसतोय. क्वी बाख ठीक आहे ना?' ॲपला दिलेलं खोटं नाव कंपनीवाले विसरले होते. तिने ॲप पुसून टाकलं. तरी फोन हातात घेताना तो तिला पूर्वीसारखा हलका वाटेना.

पुढच्या प्रतिपदेला सासूबाईंनी स्वतःच लुआचा फोन उचलला, तांदळाच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं. दिवा लावून हात जोडले. "मी न्यान, राहणार चौथा मजला..." एवढं म्हणून त्या अडखळल्या. मान वर करून, कॅमेरा होता तिथल्या भिंतीतल्या दोन भोकांकडे त्यांनी पाहिलं. "जाऊ दे, घर तुम्हाला ठाऊक आहे," त्या पुटपुटल्या.

लुआ पोराला घेऊन दारातच उभी होती. सासूबाई आपल्याबद्दल काय सांगतात, फासा टाकल्याचंही सांगतील का, हे ऐकायची तिला जबर इच्छा झाली. दार जरासं उघडं ठेवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

तिने गच्चीत पाऊल टाकलं आणि कडीचा आवाज आत जाईल इतक्या जोराने दार लावून घेतलं.