लॅब असिस्टंट

"‘मायसेल्फ राही’ असं म्हणायचं नाही," निशिगंधा म्हणाली. "सरळ ‘आय ॲम राही भाटकर’. आणि बोलताना दाराकडं बघू नकोस. पळून जायचंय काय?"

राही हसली. बाहेर गेली, दारावर टकटक करून पुन्हा आत आली. या वेळी तिचा आवाज कापला नाही. पाठ सरळ ठेवून ती बसली आणि पाण्यातले जिवाणू कसे तपासतात ते साध्या इंग्रजीत सांगू लागली. मध्येच अडखळली, थांबली, परत सुरू झाली. निशिगंधाला तेच हवं होतं. अजिबात न अडखळणारी मुलं पाठ करून आलेली असतात, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

कॉलेजच्या जिन्याखालची ही खोली. पूर्वी इथं क्रिकेटचं सामान असायचं. आता दारावर ‘करिअर मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी होती. निशिगंधा मांडवकर तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायची आणि उरलेला वेळ या खोलीत बसायची. कुणाला बायोडाटा लिहून हवा असायचा, कुणाला बँकेच्या परीक्षेचं विचारायचं असायचं, तर कुणाला घरच्यांनी ठरवलेलं लग्न पुढं कसं ढकलावं हेच कळत नसायचं. कपाटात तिनं काळ्या सँडलचे दोन जोड ठेवले होते. मुलाखतीला जाणाऱ्या मुली ते घालून जायच्या आणि पुसून परत आणून ठेवायच्या.

हा कक्ष सुरू केला तो प्राचार्य गुरुप्रसाद सरांनी, आणि तिला इथं आणलं तेही त्यांनीच. बारावीनंतर निशिगंधाचं लग्न ठरत होतं. वडील मुंबईला कॅन्टीनमध्ये कामाला. ते गणपतीला गावी आले तेव्हा सर हातखंब्याच्या पुढं तिच्या वाडीपर्यंत चालत आले, पडवीत बसले, आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला शिकू दे. माझ्यावर सोड." वडिलांनी सोडलं. पुढं तिनं शिकवायला सुरुवात केली तेव्हा पालकांच्या दारात जाऊन बोलायचं हे ती सरांकडूनच शिकली होती. कागदावर समजावून घरची माणसं हलत नाहीत. दारात जावं लागतं.

महाडच्या पुढं महामार्गालगत मासळी प्रक्रियेची एक कंपनी होती. तिथल्या प्रयोगशाळेत चार मुली हव्या आहेत, असं सरांनीच सांगितलं. "मायक्रोबायॉलॉजीच्या मुली निवड. पद लॅब असिस्टंट. माझं बोलणं झालंय त्यांच्याशी." कंपनीचा माणूस येऊन मुलाखती घेऊन गेला. चौघी निवडल्या गेल्या. राही त्यात पहिली.

राहीची आई मथुरा तयार नव्हती. मिरकरवाड्याच्या जेटीवर ती मासळी विकायची. नवरा गेल्यावर तिनं राहीला आणि तिच्या शिक्षणाला त्याच टोपलीवर ओढलं होतं. निशिगंधा तिच्या घरी गेली तेव्हा मथुरा ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती.

"इतक्या लांब पोरीस ठेवायची म्हंजे," मथुरा म्हणाली, "माझा जीव काय निवांत ऱ्हायचा न्हाय."

"राहायची सोय कंपनीचीच आहे. बरोबर अजून तिघी आहेत."

"काम काय म्हनलात?"

"लॅबचं. मासळी परदेशी पाठवायच्या आधी तपासतात ना, चांगली आहे की नाही, ते. पांढरा कोट घालून बसायचं काम."

मथुरेचे हात थांबले. "म्हंजे हे न्हाय ना करायचं?" तिनं समोरच्या कोळंबीच्या ढिगाकडं बोट केलं. "मी आयुष्यभर हेच केलं. पोरीस ह्यातनं भायेर काडायची म्हनूनच शिकवली."

"हे नाही करायचं. मी सांगते ना. मी आहे."

मथुरेनं पुढची कोळंबी हातात घेतली. मग म्हणाली, "तुमी म्हनताय तर जाऊदे."

मुली गेल्या. वर्तमानपत्रात सरांचा चौघींबरोबरचा फोटो आला. पहिले काही दिवस राहीचे मेसेज येत होते. खोली बरी आहे, जेवण तिखट नाही, बरोबरच्या शमिकाला घरची आठवण येते. मग मेसेज तुटक झाले. ‘बरं चाललंय मॅडम’ एवढंच. निशिगंधानं लॅबचा फोटो मागितला तर उत्तर आलं नाही. फोन केला तर राही म्हणाली, "मॅडम, ड्युटी आहे," आणि ठेवून दिला. तिच्या मागून यंत्रांची घरघर आणि पाणी ओतल्याचा आवाज येत होता. निशिगंधानं प्रयोगशाळा पाहिल्या होत्या. असा आवाज तिथं नसतो.

शनिवारी पहाटेची एसटी धरून ती निघाली. दुपारी कंपनीच्या फाटकावर पोचली. वॉचमननं आधी आत सोडलं नाही. मग मुलींना जेवणाची सुट्टी झाली आणि घोळक्यानं बायका बाहेर आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर जाळीच्या टोप्या. त्यातली एक राही आहे हे निशिगंधाला चेहरा जवळ येईपर्यंत कळलं नाही.

राही थबकली. मग कोरडेपणानं म्हणाली, "आलात?"

"लॅबमध्ये नाहीस तू?"

"लॅब ती तिकडं." तिनं काचेच्या खिडक्यांची एक बैठी इमारत दाखवली. "तिथं एक जण आहे. इथं आम्ही कोळंबी सोलतो. बर्फातली. सकाळपासून."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." राहीनं हात ओढणीत गुंडाळले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही गं."

 राहीचा विश्वास बसला नव्हता. मग ती म्हणाली, "आमच्यातली संस्कृती रडून रडून आजारी पडलीय. तिला घेऊन जा. मी नाही येत."

"चल ना राही. आपण दुसरं बघू."

"तुम्ही बघणार?" तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही, रागानंही नाही. "मला परत मिरकरवाड्यात जाऊन काय सांगायचं? आईनं सगळ्यांना सांगितलंय, पोरगी लॅबमध्ये आहे. मॅडम, एक करा. आईला हे कळू देऊ नका."

निशिगंधानं होकाराची मान हलवली.

मॅनेजर दीपेश नावाचा तरुण होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं विचारलं तेव्हा त्याला खरोखर आश्चर्य वाटलं.

"मॅडम, आम्ही तुमच्या सरांना आधीच सांगितलं होतं. लॅबमधली जागा भरलेली आहे, आमच्याकडं प्रोसेसिंगलाच माणसं लागतात. मी म्हटलं, सायन्सच्या मुली हे काम करतील का? तर सर म्हणाले, पाठवतो मी. मुली बंदरावरच्याच आहेत, हाताला सवय असते त्यांच्या."

निशिगंधाला ते वाक्य सरांच्या आवाजात ऐकू आलं. मऊ, हसरा आवाज. पडवीत बसून वडिलांशी बोललेला.

संध्याकाळच्या गाडीनं ती संस्कृतीला घेऊन परतली. संस्कृती खिडकीला डोकं टेकून झोपली. चिपळूण आलं, गेलं. निशिगंधा जागीच होती. सरांनी तिच्या आयुष्यात जे जे केलं होतं ते ती एकेक आठवत होती, आणि प्रत्येक आठवणीशी येऊन थांबत होती. हे खरं होतं की तेव्हाही कुठलातरी हिशेब होता?

सोमवारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"अगं, सुरुवात कुठून तरी होते. वर्षभर काम केलं की लॅबमध्ये घेतील."

"ते तसं म्हणाले नाहीत, सर."

"पुढच्या आठवड्यात मूल्यांकन समिती येतेय. रोजगाराच्या रकान्यात आपल्याकडं काय होतं सांग. श्रेणी घसरली तर नवीन पदं मिळणार नाहीत. तुझं पद त्यातच अडकलंय. मी कुणासाठी धडपडतोय?"

"मला सांगितलं असतंत तर मी त्या बाईच्या दारात गेले नसते."

"म्हणूनच नाही सांगितलं," सर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच ते जड वाटलं असावं, कारण ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"बंदरावरच्या मुली म्हणालात?"

"बोलण्याच्या ओघात जातं गं काहीतरी. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला मी बारावीपासून ओळखतो."

निशिगंधा उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला वाटलं, सर हाक मारतील. त्यांनी फोन उचलला होता.

समिती आली त्या दिवशी कॉलेजभर रांगोळ्या होत्या. मार्गदर्शन कक्षाची माहिती द्यायला निशिगंधाला उभं केलं. पडद्यावर चौघींचा तोच वर्तमानपत्रातला फोटो, खाली ‘लॅब असिस्टंट’. समितीतल्या एक वयस्कर बाई, मराठवाड्यातल्या कुठल्याशा विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, कौतुकानं म्हणाल्या, "छान. मुली रमल्यात का तिथं?"

हो म्हटलं असतं तर पुढचं चित्र आलं असतं. सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी तिच्याकडं बघून हलकेच मान डोलावली, ती कॉलेजात शिकत असताना वक्तृत्व स्पर्धेत डोलवायचे तशी.

"या मुली लॅबमध्ये नाहीत," निशिगंधा म्हणाली. "त्या तिथं कोळंबी सोलतात. एक परत आलीय."

 मग सर उभे राहिले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"कक्षाचं सगळं काम मांडवकर मॅडमच पाहतात. आमच्यापर्यंत हे आलंच नव्हतं. आजच कळतंय. आम्ही चौकशी करू."

बाईंनी निशिगंधाकडं वळून विचारलं, "मग मुलींना पाठवायच्या आधी तुम्ही जाऊन खात्री केली नाहीत?"

सगळे तिच्याकडं पाहत होते. सरही, जणू तेही उत्तराची वाट पाहत होते. त्यांचं नाव तिच्या ओठांवर होतं. पण खात्री करायला हवी होती हे खोटं नव्हतं. मथुरेच्या दारात शब्द सरांनी दिला नव्हता.

"नाही केली," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं त्यात तिचं नाव नव्हतं. जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागलं. कुणी तिला काही बोललं नाही. स्टाफरूममध्ये तिच्यासाठी खुर्ची सरकवणारे आता मोबाइलमध्ये बघू लागले, एवढंच.

पण त्याआधी, समिती गेली त्याच दुपारी, ती मिरकरवाड्यात गेली होती. भर सभागृहात बोललेली गोष्ट चार दिवसांत जेटीवर पोचणार होती. कळू देऊ नका, असं राहीनं सांगितलं होतं. तो शब्दही आता राहणार नव्हता. निदान तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुटू नये, एवढंच तिच्या हातात होतं.

मथुरा घरीच होती. निशिगंधानं उभ्यानंच सगळं सांगितलं. कंपनी, बर्फ, रबरी बूट. राहीनं न सांगण्याविषयी घातलेली गळही सांगितली. 

"मला ठावं हाय," मथुरा म्हणाली. "फोनवर तोंड दाखवते ना ती. परवा केस मागं घ्याया हात वर केलंन. बोटं बगितली मी. काटं लागून लागून सुजलेली. मी काय वळखायची न्हाय ती बोटं?"

"तुम्ही तिला विचारलं नाहीत?"

"काय इचारू? ती सांगत न्हाय तर तिची लाज हाय ती. ऱ्हाऊंदे तिच्याकडं."

निशिगंधा घाईनं म्हणाली, "मथुराताई, खरंच सांगते, सरांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मलाही फसवलं त्यांनी."

"आसंल," मथुरा म्हणाली. तिच्या बोलण्यात अविश्वास नव्हता. "पन तुमच्या सरांस मी वळखत न्हाय. माज्या दारात ते कंदी आले न्हायत. तुमी आलात."

 निशिगंधा जायला वळली.

"बसा," मथुरा म्हणाली.

"नको, निघते मी."

"बसा म्हनते ना. घरात आल्याव आसं जाऊ नये."

तिनं स्टो पेटवला. चहा उकळला. बाहेर कुणीतरी होडी लागल्याची आरोळी दिली. मथुरेनं कपबशी निशिगंधासमोर ठेवली, पदर खोचला, कोपऱ्यातली टोपली उचलली.

"होडी आली. मी जातंय. तुमी घ्या सावकाश. जाताना दार लोटून जावा."

ती गेली. जेटीकडं जाणाऱ्या बायकांच्या गलक्यात तिचा आवाज मिसळला. मोकळ्या घरात निशिगंधा कपबशी हातात धरून बसली. चहा फार गोड होता. पाहुण्यासाठी करतात तसा. तिला एक घोटही गिळवत नव्हता. तरी तिनं तो सगळा संपवला, मोरीत जाऊन कपबशी विसळली, पालथी घातली, आणि बाहेर येऊन दार हलकेच लोटून घेतलं.