नाशपाती वर, साहेब खाली

मी एक जुनी लिफ्ट आहे. माणसांची नव्हे, होड्यांची. खालच्या कालव्यातली होडी वरच्या कालव्यात पोचवायची आणि वरची खाली आणायची, एवढेच माझे काम. मधली उंची पाच मजल्यांची आहे.

मित्रांनो, माझा जन्म वालोनियातल्या खाणींच्या मुलखात झाला. मला दोन लोखंडी हौद आहेत. प्रत्येक हौद एका जाड खांबावर उभा, खांब जमिनीतल्या नळकांड्यात, आणि पाण्याने भरलेली ही दोन्ही नळकांडी एका नळाने जोडलेली. एक हौद खाली बसला की दाबले गेलेले पाणी दुसऱ्याला वर ढकलते. कोळशाच्या मुलखात राहूनही मला हौद हलवायला कोळसा लागत नाही. वरच्या हौदात फूटभर पाणी जास्त घ्या, मी हलते. मला घडवणाऱ्यांची नावे एका पाटीवर आहेत. पाटी गंजली, त्यांचे गणित गंजले नाही.

ते फूटभर पाणी माझा राखणदार एव्हारिस्त आपल्या लाकडी बुटाने मोजायचा. उजवा बूट काढायचा, हौदाच्या कडेला टोक खाली करून उभा धरायचा, आणि टाच बुडेपर्यंत पाणी घ्यायचा. तीस वर्षांत माप चुकले नाही. मोजा मात्र रोज भिजायचा.

होडी भरलेली आहे की रिकामी, याच्याशी मला देणेघेणे नसते. होडी हौदात शिरताना आपल्या वजनाइतके पाणी बाहेर सारते, त्यामुळे हौद होता तेवढाच जड राहतो. हे कालव्याकाठाने होड्या ओढणाऱ्या घोड्यांनाही ठाऊक होते. एका सप्टेंबरात आलेल्या नव्या तपासनीस साहेबांना नव्हते.

त्यांचे नाव दास्कोत. रिकामी होडी खाली येताना आणि कोळशाने भरलेली वर जाताना त्यांनी पाहिली. हलक्याने जडाला उचलावे, हे त्यांना शिस्तीला धरून वाटले नाही. त्यांनी हुकूम काढला : दोन्ही बाजूंना समान वजनाच्या होड्या असल्याशिवाय लिफ्ट हलणार नाही, रिकाम्या होडीत विटा भराव्यात. मग वर विटा भरणे आणि खाली वाट पाहणे असे दोन उद्योग सुरू झाले. फ्लोरिबेर नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याने टोपी काढून अदबीने विचारले, "साहेब, माझी बायको इथंच उतरली तर किती विटा भराव्या लागतील? तिच्यासमोर नका सांगू."

साहेबांनी ते टिपून घेतले.

रांगेत झेलीची होडी होती. नवरा गेल्यानंतरचा तिचा हा पहिला हंगाम. पोटात साठ टन पिकलेल्या नाशपाती, वरच्या कालव्यावरच्या पाकाच्या कारखान्यासाठी. बाईच्या हाती माल दिला म्हणून कारखानदाराला गावाने आधीच वेड्यात काढले होते. फळ नासले असते तर पुढच्या वर्षी तिला कोणी टोपलीभरही दिले नसते. तिसऱ्या दिवशी होडीवर गांधीलमाश्या घोंगावू लागल्या.

"काका," झेली एव्हारिस्तला म्हणाली, "उद्या कारखान्यात न्यायची गरज नाही. पाक होडीतच तयार होईल."

हुकूम मोडला तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर माझ्या पायाशी असलेले घरही. तरी एव्हारिस्त साहेबांकडे गेला.

"साहेब, वरच्या हौदात छोटी नाव आहे. तुम्ही एकटे बसा. समोर झेलीची होडी घेतो. तुमचं खरं असेल तर तुम्ही वरच राहाल. माझं खरं असेल तर खाली याल. मग मला काढा किंवा ठेवा."

स्वतःची परीक्षा टाळणाऱ्यांपैकी ते नव्हते, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवे. ते वही घेऊन नावेत बसले. दरवाजे बंद झाले. एव्हारिस्तने बूट काढला, टाच बुडवली, नळ उघडला.

आणि साठ टन नाशपाती हळूहळू वर निघाल्या.

बरोबर मध्यावर साहेब आणि झेली समोरासमोर आले. तिने एक नाशपाती त्यांच्याकडे टाकली. झेलताना वही पाण्यात पडली. साहेबांनी ती बुडताना पाहिली आणि फळ खाल्ले.

खाली उतरल्यावर त्यांनी एव्हारिस्तला हळूच विचारले, "मग माझं वजन गेलं कुठं?"

"हौदाला विचाराल तर तुम्हाला वजनच नाही, साहेब."

हुकूम दुसऱ्या दिवशी रद्द झाला. कारण लिहिले होते : विटा संपल्या. झेलीने त्यानंतर एकवीस हंगाम नाशपाती नेल्या.

पुढे मोठ्या होड्या आल्या आणि त्यांच्यासाठी माझ्याहून कितीतरी उंच लिफ्ट झाली. तिच्याविषयी माझे मत चांगले आहे. लोक आम्हा दोघींत तुलना करतात, आम्ही करत नाही. आता उन्हाळ्यात प्रवासी येतात, मला पाहून तोंडात बोट घालतात आणि दुसऱ्या हाताने माझा रंग खरवडतात.

तेवढे खरवडू नका, मित्रांनो. खांबाभोवतीची गळती वेळेवर बंद करा, सांध्यांना वंगण द्या. आणखी शंभर वर्षे मी फूटभर पाण्यावर काढीन. आणि एक मागणे. एव्हारिस्तचा बूट आता काचेच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी आहे : 'जुने पादत्राण, डावे हरवले.' ती चिठ्ठी कोणीतरी बदला. डावे हरवलेले नाही, ते त्याच्या पायात असायचे. आणि उजवे पादत्राण नव्हतेच. ते माप होते.